मिस टॅलिसची हौस

लग्न चार आठवड्यांवर आलं तेव्हा पार्थेनिया टॅलिसने बापाकडे, म्हणजे कर्नल टॅलिसांकडे, दोन गोष्टी मागितल्या. सासरी केंटकीला बरोबर न्यायला सहा गुलाम, आणि लग्नात नाचायला एक नवी चाल. गुलाम कर्नलसाहेबांनी न्याहारी आटपायच्या आत दिले. चालीचं मात्र अडलं.

आमच्या व्हर्जिनियात रीत अशी, की लग्नाच्या नाचात नवरी रांगेच्या तोंडाशी उभी राहते आणि पहिला नाच तिचा. ती म्हणेल ती चाल वाजते, आणि पुढे जन्मभर ती चाल तिच्या नावाने ओळखली जाते. गेल्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या मारिया केटलने मोठ्या तोऱ्यात 'माझी चाल' म्हणून नाचून घेतलं, आणि आठ दिवसांत कळलं की ती स्कॉटलंडातली जुनीपानी चाल, मारियाच्या आजीनेसुद्धा तिच्यावर पाय आपटले असतील. सगळा परगणा हसला. सगळ्यात मोठ्याने पार्थेनियाच हसली होती, त्यामुळे आता तिची झोप उडाली होती.

म्हणून इशमला बोलावणं गेलं.

इशम म्हणजे कर्नलसाहेबांचा फिडलवाला गुलाम; फिडल म्हणजे व्हायोलिनच. आसपासच्या तीन परगण्यांत त्याच्यासारखा गज चालवणारा दुसरा नव्हता. कुठे लग्न असो, नाताळ असो, कर्नल त्याला शेजारी उसना द्यायचे, जसा चांगला घोडा देतात. गोऱ्यांची पोरं त्याला इशमकाका म्हणत. काका म्हणायची आणि अरे-तुरे करायची, अशी ती माया.

बैठकीच्या खोलीत पार्थेनिया होती आणि तिला पावलं शिकवायला आलेला नाचमास्तर ओग्डन होता. हा ओग्डन घोड्यावरून घरोघर फिरायचा, मुलींना नाच शिकवायचा आणि कानावर पडेल ती चाल वहीत उतरवून घ्यायचा. अख्ख्या दुनियेच्या चाली त्याला पाठ.

"इशमकाका, मला चाल हवी," पार्थेनिया म्हणाली. "माझी स्वतःची. कोण्णी कोण्णी न ऐकलेली. जमेल ना तुला?"

"प्रयत्न करतो, बाईसाहेब."

"प्रयत्न नको. चाल हवी."

इशमने टोपी हातात चुरगाळली. स्वयंपाकघरातून त्याच्या कानावर आलं होतं, की त्या सहांमध्ये त्याची तामार आहे. अकरा वर्षांची त्याची पोर, एकुलती एक. केंटकी म्हणजे डोंगरापलीकडचा मुलूख. तिकडे गेलेलं माणूस परत आलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं.

"एक मागणं होतं, बाईसाहेब. चाल मनासारखी झाली, तर माझी तामार... तिला इथेच राहू द्यावं."

"तामार कुठली? ती दातांत फट असलेली?"

"हो, तीच."

"अगं बाई, एवढंच ना? राहू दे की. तिच्या जागी दुसरी कोणी घेईन. दिला शब्द! मिस्टर ओग्डन, तुम्ही साक्षीदार हं."

ओग्डनने तपकीर ओढली आणि हसून मान डोलावली. तिच्या जागी कोणाची पोर जाणार हे इशमने विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता तो. पण अशा वेळी कोण विचारतं?

पुढचे दहा दिवस इशमने काय काय वाजवून पाहिलं नाही! दिवसभर तंबाखूच्या कोठारात राबायचं आणि दुपारच्या सुट्टीत फिडल घेऊन ओग्डनपुढे उभं राहायचं. चार सूर वाजले की ओग्डन हात वर करायचा.

"ही आयरिश आहे."

दुसऱ्या दिवशी, "ही लढाईत फ्रेंच सैनिक वाजवायचे. तू शेपटीकडून सुरू केलीस, एवढंच."

तिसऱ्या दिवशी, "अरे लेका, ही तर मारिया केटलची!"

इशमच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा तरी काय दोष? वीस वर्षं त्याने लोकांच्याच चाली वाजवल्या होत्या. त्याच्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

अकराव्या दिवशी तो तसाच परतत असताना स्वयंपाकघरामागून उखळाचा आवाज आला. ओक झाडाचा बुंधा कोरून केलेलं मोठं उखळ होतं ते. त्याची बायको सूकी मका कांडत होती आणि तामार समोर बसून हाताने मका उलटत होती. दोघी गात होत्या. हे गाणं सूकीच्या आईने आफ्रिकेहून गुलामांच्या जहाजातून आणलेलं. शब्दांचा अर्थ आता कोणालाच कळत नव्हता, सूकीलाही नाही. पण ते गाणं करमणुकीचं नव्हतंच. दोन घाव मुसळाचे, आणि तिसऱ्याच्या जागी नुसता श्वास. त्या श्वासात पोरीचा हात उखळात जायचा, मका उलटायचा आणि बाहेर यायचा. गाण्यामुळे दोघींना न बघताही कळायचं, मुसळ कधी येणार आणि हात कधी काढायचा. सूकीच्या आईने पन्नास वर्षं तसं कांडलं आणि मरताना तिची दहाच्या दहा बोटं शाबूत होती.

इशम हे गाणं रोज ऐकत होता. चूल फुंकल्याचा आवाज ऐकावा तसं. आज तो जागीच थांबला.

"थांबू नका," तो ओरडला. "पुन्हा म्हणा. पहिल्यापासून."

"याला काय झालं?" सूकी म्हणाली. "ऊन लागलं का नोव्हेंबरात?"

तामार खुदकन हसली, आणि दोघींनी पुन्हा गाणं धरलं.

तिथेच उभ्या उभ्या त्याने ते फिडलवर घेतलं. आठ आवर्तनांचा एक भाग, आठांचा दुसरा, दोन्ही दोनदा, नाचाला लागतं तसं. सूर हुबेहूब आले. पण तो मधला श्वास फिडलवर आला की वाटायचं, वाजवणारा चुकला. तिथे कशाचा तरी ठोका हवा होता.

आता आमच्याकडे फिडल एकट्याने वाजवत नाहीत. वाजवणाऱ्याच्या शेजारी एकजण बसतो आणि गज चालू असताना केरसुणीच्या दोन काड्यांनी तारांवरच ताल धरतो. इशमच्या काड्या नेहमी म्हातारा मिंगो वाजवायचा. मिंगोला त्याने तीन दिवस बसवलं. पण मिंगोचा हात सरळ चालणारा. श्वासाच्या जागी तो हटकून ठोका घालायचा, नाहीतर ओशाळून थांबायचा.

चौथ्या दिवशी तामारने न विचारता काड्या उचलल्या आणि बापाच्या फिडलवर वाजवायला लागली. जिथे हात उखळात जायचा, तिथे तिच्या काड्या हलक्याच थरथरून जायच्या. चाल एकदम उभी राहिली. मिंगो उठून उभा राहिला आणि त्याचे गुडघे धरलेले पाय आपोआप हलायला लागले.

"झालं!" इशम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सूकीने मात्र रात्रीच्या जेवणाच्या भाकरी थापता थापता त्याला धारेवर धरलं.

"पोरीला त्या घरात नेऊ नकोस."

"मग काड्या कोण वाजवणार? तू?"

"मिंगो वाजवील."

"मिंगो! दगडाला पाझर फुटेल, पण मिंगोला तो ताल यायचा नाही."

"अरे, त्यांच्या नजरेला पडलेली वस्तू आपल्याकडे राहते का? पलीकडच्या झोपडीतल्या हॅनाने रजई शिवली, मोठ्या बाईसाहेब म्हणाल्या, किती गोड आहे. सांग, कुठे आहे आज ती रजई?"

"चाल पडली तर पोर जाणारच आहे, सूके. पडू देऊ?"

"तिला गोणपाटात गुंडाळून ने. तोंडाला काजळी फास. काहीही कर, पण ती हसायला नको आणि गोड दिसायला नको."

"दोन काड्या वाजवेल आणि येईल. एवढी काय घाबरतेस?"

"मी घाबरते, कारण तू घाबरायला विसरलास. चाल चांगली झाली ना, म्हणून. फुगलायस नुसता."

ते खरं होतं, आणि इशमला ते झोंबलं.

लग्न शनिवारी दुपारी लागलं. पंगती उठल्यावर, अजून उजेड होता तेव्हाच, मोठ्या दालनातल्या खुर्च्या भिंतीला लावल्या गेल्या. पार्थेनिया आणि तिचा नवरा क्रेन रांगेच्या तोंडाशी उभे राहिले. कोपऱ्यात इशम आणि त्याच्या गुडघ्याशी तिपाईवर तामार. तिने काजळी फासली नव्हती. धुतलेला एप्रन घातला होता, आणि एवढे आरसे, एवढे रेशमी झगे पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"माझा नाच," पार्थेनिया म्हणाली. "हा कोणी ऐकलेला नाही. मारिया, तूसुद्धा नाही."

इशमने गज ठेवला.

पहिल्या फेरीला लोक बुजले. तो श्वास आला की त्यांची पावलं हवेत अडकायची. दुसऱ्या फेरीला त्यांना कळलं की तिथे अडकायचंच आहे, अडकून मग पडायचं आहे, आणि त्यात मजा आहे. मग काय विचारता! म्हातारे न्यायाधीश पायमोजे घसरेपर्यंत नाचले. मारिया केटलने तोंड वाकडं करून दोन फेऱ्या काढल्या आणि तिसऱ्या फेरीला तीही रांगेत शिरली. तोच नाच तीनदा झाला. लोकांच्या माना वळून वळून तामारकडे जात होत्या. तिला ते कळलं, आणि पोरच ती, ती हसली, दातांतली फट दाखवत.

"हिचं नाव 'मिस टॅलिसची हौस'," पार्थेनियाने धापा टाकत जाहीर केलं. ओग्डनने वही काढली आणि नाव आधी लिहिलं, सूर मागून.

परतताना इशमने तामारला खांद्यावर घेतलं. एवढी मोठी पोर, पण घेतलं. त्याला वाटत होतं, आपण ही पोर आज दुसऱ्यांदा जन्माला घातली. दारात उभ्या असलेल्या सूकीला तो म्हणाला, "बघ, झाली ना आपली?" सूकीने पोरीला खाली उतरवलं आणि घरात नेलं.

सोमवारी सकाळी त्याला पुन्हा वर बोलावलं. तो आनंदाने गेला. आत ओग्डन वहीतून तीच चाल वाजवत होता. सूर सगळे बरोबर, आणि चाल लंगडत होती. पार्थेनिया रडकुंडीला आली होती.

"असं का वाजतंय हे? हे असं नव्हतं!"

"वहीत सूर आहेत, बाईसाहेब," ओग्डन म्हणाला. तो खरं तेच सांगत होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "ते मधलं जे काय आहे, ते त्या पोरीच्या हातात आहे. ते लिहायचं कसं मला कळत नाही. केंटकीत तुम्हाला फिडलवाले शंभर मिळतील. ती पोर मिळायची नाही."



"मग काका, तूच सांग," पार्थेनिया म्हणाली. "तिच्यावाचून चाल उभी राहत नाही, आणि ती मी इथे ठेवून जायची? अर्धी भेट कोणी देतं का?"

"बाईसाहेब, शब्द दिला होता."

"अरे पण तेव्हा मला कुठे माहीत होतं! तू सांगितलंस का, की चाल तिच्या हातात आहे? तू लपवलंस."

"मला न्या. मी येतो. मी ताल शिकवीन कोणालाही."

खिडकीशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कर्नलसाहेबांनी आता मान वर केली. "तुला? आणि नाताळात मी चार घरी तुझा शब्द दिलाय, तिथे काय मी वाजवू? पोर जाईल. शनिवारी गाड्या निघतील. आणि इशम, माझ्या मुलीला तिच्या शब्दात पुन्हा पकडू नकोस. लग्नाचे दिवस आहेत, मला चाबूक काढायचा नाही."

"मग तिच्या जागी जी घेतली होती ती तरी, मालक..."

"लिलीची पोर? तीही जाऊ दे. आता कोण खोडाखोड करत बसणार?"

इशम खाली आला. दोन दिवस तो जेवला नाही. सूकी रडून रडून थकली, मग त्याला शिव्या देऊन थकली. तो नुसता तामारच्या हाताकडे बघत होता. सगळं त्या हातात आहे, असं नाचमास्तर म्हणाला होता. हाच हात हवा आहे त्यांना. हात नसला तर पोर नको.

गुरुवारी दुपारी तो उखळापाशी गेला. सूकी पाणी आणायला निघाली होती.

"दे इकडे," त्याने मुसळ घेतलं. "आज मी कांडतो."

तामारला गंमत वाटली. "बाबा, तुला येतं का?"

"गाणं येतं ना. चल, म्हण."

तिने गाणं धरलं. त्याने मुसळ उचललं. दोन घाव, श्वास. दोन घाव, श्वास. पोरीचा उजवा हात आत जात होता, बाहेर येत होता. ती बघतही नव्हती. तिची नजर बापाच्या तोंडावर होती, कारण किती दिवसांनी तो तिच्याशी धड वागत होता. त्याने तीन कडवी जाऊ दिली. चौथंही जाऊ दिलं. त्याला वाटलं, आपल्याच्याने व्हायचं नाही. मग त्याला डोळ्यांपुढे वाटेवरची गाडी दिसली, डोंगर दिसला.

पाचव्या कडव्याला त्याने श्वासाच्या जागी मुसळ घातलं.

असा आवाज पुन्हा कोणाच्या कानावर पडू नये. पोर ओरडलीसुद्धा नाही आधी. तिने फक्त वर पाहिलं. मग ओरडली.

मुकादम धावत आला. मालकाच्या मालाची नासधूस केली तर काय होतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. त्याने इशमची गचांडी धरली.

"कोणी केलं हे?"

"मी," तामार म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, तीन बोटं जायची तिकडे गेली होती. "माझाच हात चुकला. मी ताल सोडला."

ती आयुष्यात कधी ताल चुकली नव्हती. तिला ते माहीत होतं, आणि बापालाही. मुकादमाने त्याला सोडून दिलं.

शुक्रवारी पार्थेनिया स्वतः झोपडीत आली. आजवर कधी आली नव्हती. तिने नाकाला रुमाल लावला आणि मग तोच रुमाल काढून तामारच्या फडक्यांवर ठेवला.

"अगं आई गं! बिच्चारी! किती लागलंय!" तिचे डोळे खरंच भरून आले. "आता काड्या कशा वाजवणार गं तू?"

इशम कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याचा श्वास मोकळा झाला. मनात तो म्हणत होता, जा. आता जा.

पार्थेनिया जायला वळलीसुद्धा. दारात ती थांबली.

"ए, ते तोंडाने म्हणून दाखव बरं."

तामारने आईकडे पाहिलं. सूकीने डोळे मिटले. ताप चढलेल्या, कोरड्या आवाजात पोरीने गाणं म्हटलं, श्वासासकट, जिथल्या तिथे.

"अय्या!" पार्थेनियाने टाळी वाजवली. "हे तर आणखीच गोड! मग काड्या हव्यात कशाला? हाताचं काय, भरून येईल हळूहळू. इशमकाका, रडू नकोस असा. मी तिला जपेन हो."

शनिवारी सकाळी गाड्या निघाल्या. पुढे नवराबायकोची बग्गी, मागे सामानाची गाडी, तिच्यात लिलीची पोर आणि पिठाच्या पोत्याला टेकून तामार. हात छातीशी बांधलेला. सूकीने तिला आपली एकुलती एक शाल गुंडाळली होती. कर्नल पायऱ्यांवर उभे होते. मुलीला त्यांनी जवळ घेऊन निरोप दिला. ते म्हणाले, "इशम, हौस वाजव. मी सांगेन तेव्हा थांब."

इशमने फिडल लावली. गज ठेवला.

"तामार, तू पण म्हण!" बग्गीतून पार्थेनिया ओरडली.

तामारने म्हटलं. सांगितलं होतं, म्हणून म्हटलं. बाप वाजवत होता, पोर गात होती, आणि दोघांपैकी एकही कुठे चुकलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती तशीच बघत होती, उखळापाशी बघितलं होतं तशी, पुढचा ठोका कधी येईल ते बापाच्या तोंडावरून ओळखायला.

गाडी वळणावर गेली. आवाज बारीक झाला, मग ऐकू येईना. कर्नलना थंडी वाजायला लागली तसे ते आत न्याहारीला गेले. थांब म्हणायला कोणी उरलं नाही. इशम वाजवतच राहिला. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, पुन्हा पहिला. पायऱ्या झाडणारी बाई त्याला वळसा घालून झाडून गेली.

शेवटी सूकी आली. तिने त्याच्या हातातून गज काढून घेतला.

"बस कर," ती म्हणाली. "हात मोडायचाच होता तर स्वतःचा मोडायचा होतास. निदान जाताना ही चाल पोरीच्या कानावर पडली नसती."

हे त्याला सुचलंच नव्हतं.